ठेवावयाचे ग्रंथ आणि द्यावयाचे ग्रंथ

पुस्तके जमविणे ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट मानली जाते. पुस्तके कमी केली, हे मात्र कोणी उघडपणे सांगत नाही. तरीही प्रत्येक संग्रहावर ती वेळ कधी ना कधी येतेच. घरातील वाचणारे माणूस जाते, मुले नोकरीनिमित्त पुण्या-नागपुरास स्थायिक झालेली असतात, घर विकावयाचे ठरते, आणि चाळीस-पन्नास वर्षांत भरलेल्या कपाटाचा निकाल एका दुपारी लागतो. चांगल्या बांधणीचे चार-दोन ग्रंथ आठवण म्हणून उचलले जातात. बाकीचे रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. अभ्यासक्रम बदलतो, नव्या पुस्तकांना जागा हवी असते आणि फळ्या तर आधीच भरलेल्या असतात.

हा प्रश्न केवळ जागेचा आहे असे समजून आपण तो सोडवू पाहतो, आणि म्हणूनच तो बहुधा चुकीचा सुटतो. कोणते ग्रंथ ठेवावेत आणि कोणते द्यावेत, यासाठी घरातही वापरता येईल आणि ग्रंथालयातही वापरता येईल अशी काही कसोटी आहे काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१. रूढ कसोट्या आणि त्यांच्या मर्यादा

सामान्यतः आपण तीन गोष्टींवरून निवड करतो: ग्रंथाचे वय, त्याची किंमत आणि त्याच्या लेखकाचे नाव. जुने ते टाकाऊ, महाग ते टिकाऊ आणि थोर लेखकाचे ते पवित्र. या तिन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

वयाचे पाहू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली व सुधारून वाढविलेल्या स्वरूपात १८५७ साली प्रसिद्ध झाला. मराठीच्या अभ्यासकाला त्याची गरज आजही पडते. उलट, नियोजन आयोग पंचवार्षिक योजना आखतो असे वर्तमानकाळात सांगणारे अर्थशास्त्राचे पुस्तक अवघ्या पंधरा वर्षांचे असले तरी स्पर्धा-परीक्षेच्या विद्यार्थ्याची दिशाभूल करील. कारण नियोजन आयोग २०१४ मध्ये संपुष्टात आला, १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोग स्थापन झाला आणि बारावी योजना २०१७ मध्ये संपल्यावर तेरावी आलीच नाही. कायद्याच्या पुस्तकांचेही तसेच. १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. तथापि त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू असल्यामुळे वकिलाच्या टेबलावरून जुने पुस्तक लगेच हलणार नाही. म्हणजे ‘जुने’ हा शब्द एकाच पुस्तकाबाबत एकासाठी खरा आणि दुसऱ्यासाठी खोटा ठरतो.

किंमतीची कसोटी हिशेबाला सोयीची असते. ग्रंथालयातील पुस्तकावर दाखल क्रमांक पडला की ते खुर्ची-टेबलांप्रमाणे मालमत्ता बनते, आणि मालमत्ता कमी झाली की उत्तर द्यावे लागते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत या बाबतीत बरीच समजूतदार तरतूद आहे. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले, तर ते नुकसान क्षम्य धरावे, मात्र ते अप्रामाणिकपणाने किंवा हयगयीने झालेले नसावे. एक हजार रुपयांवरील किंमतीचा अथवा विशेष दुर्मिळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी करावी. येथे किंमतीच्या शेजारी ‘दुर्मिळ’ हा शब्द आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण दुर्मिळ वस्तू महाग असतेच असे नाही. पुढे आपण पाहणार आहोत की सर्वांत दुर्मिळ कागद पुष्कळदा फुकट वाटलेले असतात.

लेखकाच्या नावाची कसोटी तर अगदीच फसवी आहे. थोर लेखकाचे पुस्तक पुन्हापुन्हा छापले जाते. आपल्या कपाटातील प्रत गेली तरी त्या लेखकाचे काहीच बिघडत नाही.

२. दोन प्रश्न

ग्रंथालयशास्त्राने या बाबतीत काय म्हटले आहे? डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली प्रसिद्ध पाच सूत्रे मांडली. त्यांतील पहिल्याचा भर ग्रंथाच्या उपयोगावर आहे. शेवटच्या सूत्रात ग्रंथालयाला वाढत्या सजीवाची उपमा दिलेली आहे. सजीव वाढतो तो केवळ भर घालून नव्हे. तो जुने टाकतही असतो. झाड पानगळ नाकारील तर त्याला पालवी फुटणार नाही. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात १९७६ पासून प्रचारात आलेल्या ‘क्र्यू’ नावाच्या पद्धतीत पुस्तक बाद करण्याच्या कसोट्या सांगितल्या आहेत. पुस्तक दिशाभूल करणारे आहे काय, फाटके-कुजके आहे काय, नव्या आवृत्तीने मागे पडले आहे काय, क्षुल्लक आहे काय, येथील वाचकांशी गैरलागू आहे काय, आणि ते अन्यत्र सहज मिळू शकते काय, अशा या सहा कसोट्या आहेत.

या सहांपैकी शेवटच्या दोन माझ्या मते कळीच्या आहेत. त्यांना आपल्या भाषेत असे मांडता येईल:

पहिला प्रश्न: ही प्रत येथून गेली, तर हा मजकूर दुसरीकडे कोठे मिळेल काय?
दुसरा प्रश्न: ही प्रत येथे राहिली, तर ती येथे कोणी वाचील काय?

या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून चार गट पडतात. जे दुसरीकडे मिळत नाही आणि येथे वाचले जाते, ते अर्थातच ठेवावे. जे सर्वत्र मिळते पण येथे रोज लागते (क्रमिक पुस्तके, शब्दकोश, व्याकरणे), तेही ठेवावे. गरज पडल्यास दोन-चार प्रती ठेवाव्यात. जे सर्वत्र मिळते आणि येथे कोणी उघडतही नाही, ते निःसंकोच द्यावे. त्यात ग्रंथाचा अपमान नाही, उलट त्याची सुटका आहे.

उरतो चौथा गट: जे दुसरीकडे मिळत नाही, पण येथे त्याला वाचकही नाही. नुकसान होते ते याच गटात. वाचक नाही म्हणून आपण असे कागद टाकून देतो, आणि दुसरी प्रत नाही म्हणून ते कायमचे जातात. किंवा याच्या उलट, दुर्मिळ म्हणून आपण ते कुलपात ठेवतो, आणि वाळवी व कसर आपले काम शांतपणे उरकतात. या गटासाठी ठेवणे आणि टाकणे यांखेरीज तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे सोपविणे. जेथे वाचक आहे, अथवा उद्या येण्याचा संभव आहे, अशा ठिकाणी ती प्रत पोचविणे. आपल्या गावाच्या इतिहासातच त्याचे उत्तम उदाहरण आहे.

३. यवतमाळचा शारदाश्रम

महानुभाव पंथाचे वाङ्मय शतकानुशतके मठांतून आणि पंथीयांच्या घरांतून रुमालात बांधून ठेवलेले होते. चौदाव्या शतकापासून पंथीयांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास प्रारंभ केला. परक्याच्या हाती पोथी गेली तरी तिचा अर्थ त्याला कळू नये हा हेतू. याचा परिणाम दुहेरी झाला. पोथ्या राहिल्या, पण मराठी वाचकाच्या दृष्टीने त्या नसल्यासारख्याच झाल्या. श्रीचक्रधरांच्या आठवणींचा म्हाइंभटांनी सिद्ध केलेला ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तेराव्या शतकातला. पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना या सबंध दालनाची नीट ओळख झाली ती विसाव्या शतकात, राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी त्या लिप्यांचे कोडे उलगडल्यानंतर.

यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे हे या क्षेत्रातील अग्रगण्य संशोधकांपैकी एक. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या परिश्रमातून यवतमाळात शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी राहिली आणि वऱ्हाडच्या इतिहासाची साधने व जुनी हस्तलिखिते गोळा करण्याचे कार्य येथे झाले. पुढे नागपूरचे ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ संपादून प्रकाशात आणले, आणि १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. अशा संपादनासाठी एकच पोथी पुरत नाही. वेगवेगळ्या घरांतील, वेगवेगळ्या पाठांच्या प्रती समोर असाव्या लागतात. त्यांपैकी एखादी घरातील अडगळ म्हणून चुलीत गेली असती, तर एक पाठ कायमचा गेला असता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. भाषेच्या प्राचीनत्वाचे पुरावे ज्या शिलालेखांतून, ताम्रपटांतून आणि पोथ्यांतून मिळतात, त्यांतील पोथ्या कोणीतरी न वाचताही जपल्या होत्या आणि पुढे कोणीतरी वाचू शकणाऱ्याच्या हाती दिल्या होत्या, हे त्या आनंदात विसरू नये. जपणारा आणि देणारा, दोघांचेही त्यात श्रेय आहे. नुसता जपणारा असता तर पोथी कुलपातच राहिली असती.

४. रद्दीत नेमके काय जाते?

आता आपल्या काळाकडे येऊ. आज आपल्या घरांत पोथ्या क्वचितच असतात. मग चौथ्या गटात काय मोडते?

यवतमाळास १९७३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. जानेवारी २०१९ मध्ये संमेलन पुन्हा येथे भरले, तेव्हा डॉ. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ आज कोणत्याही चांगल्या दुकानात मिळते. पण १९७३ च्या संमेलनाची निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, स्वागतसमितीचे एखादे पत्रक ज्याच्या कपाटात असेल, त्याच्याकडे गावाच्या वाङ्मयीन इतिहासाचे साधन आहे. कपाट आवरताना ‘गीतरामायण’ मस्तकी लावून ठेवले जाते आणि पत्रिका केरात जाते. वस्तुतः दोहोंपैकी एकच ठेवणे शक्य असेल, तर निवड उलट व्हावयास हवी.

वृत्तपत्रांचेही तेच. लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळहून ‘लोकमत’ नावाचे साप्ताहिक काढले होते. आठवडा उलटला की त्याचा अंक त्या काळीही रद्दीच ठरत असणार. पण १९३० च्या पुसदच्या जंगल सत्याग्रहाच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात लोक काय बोलत होते हे ज्याला अभ्यासावयाचे आहे, त्याला अशा स्थानिक पत्रांचे अंक आणि हस्तपत्रके कोणत्याही मोठ्या इतिहासग्रंथापेक्षा अधिक मोलाची आहेत.

साहित्यातही हा न्याय लागू पडतो. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडले. त्याच्या बांधीव फायली अनेक ग्रंथालयांत आढळतात. परंतु ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’ ही लघुनियतकालिके अल्पशा प्रतींत निघाली, काही तर सायक्लोस्टाइलवर, आणि हातोहात वाटली गेली. मराठी कवितेला वळण देणारा हा ऐवज दिसायला मात्र चोपड्यासारखा. दलित चळवळीतील पत्रके आणि जलशांच्या पुस्तिका, गिरणी कामगारांच्या सभांच्या जाहिराती, बायकांनी वहीत उतरवून ठेवलेल्या ओव्या, यांना बांधणीही नसते आणि किंमतही छापलेली नसते. रद्दीत काय गेले याची यादी केली तर असे दिसेल, की ज्यांचा आवाज छापखान्यापर्यंत कष्टाने पोचला त्यांचेच कागद सर्वांआधी गेले. म्हणून निवड ही केवळ आवराआवर नव्हे. पुढच्या पिढीला कोणाचे म्हणणे ऐकू यावे, हेही तीत ठरत असते.

येथे कोणी म्हणेल, की आता सर्व काही संगणकावर मिळते. मग कागद कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश आज घरबसल्या पाहता येतात. त्यामुळे ते खंड वापरात नसलेल्या घराने शाळेला देण्यास हरकत नाही. परंतु जे कोणी चित्रित केलेच नाही ते संगणकावर कोठून येणार? शिवाय चित्र म्हणजे प्रत नव्हे. १९९९ साली ब्रिटिश लायब्ररीने अमेरिकन वृत्तपत्रांच्या मूळ फायली विक्रीस काढल्या. मायक्रोफिल्म असल्यावर कागदाची जरूर नाही, हा विचार त्यामागे होता. निकोल्सन बेकर या अमेरिकन लेखकाने पदरचे पैसे घालून त्यांतील बराच भाग विकत घेतला आणि २००१ साली ‘डबल फोल्ड’ हे पुस्तक लिहून मूळ प्रती मोडीत काढण्याच्या धोरणावर कडक टीका केली. काही फिल्मांत पाने गळलेली आणि रंगीत चित्रे काळी झालेली होती. पुढे २००४ मध्ये तो संग्रह ड्यूक विद्यापीठाकडे गेला. येथेही शेवट सोपविण्यातच झाला.

५. एक व्यवहार्य रीत

तत्त्व कळले तरी प्रत्यक्ष कपाटापुढे उभे राहिल्यावर हात अडतो. म्हणून काही व्यवहार्य सूचना मांडतो.

(अ) प्रथम पुस्तक उघडावे. आत पत्रे, पावत्या, छायाचित्रे असतात. लेखकाची सही, अर्पण, समासातील टिपा असतील तर ती प्रत इतर प्रतींसारखी राहत नाही. ती एकमेव होते. दहा ठिकाणी मिळणारे पुस्तकही अशा वेळी चौथ्या गटात जाऊ शकते.

(आ) ‘दुसरीकडे मिळते काय’ याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. शं. ग. दाते यांनी केलेल्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन भागांत १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची नोंद आहे. अशा काळातील एखादे पुस्तक त्या सूचीत दिसत नसेल, तर ते हातचे सोडू नये. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह नेमून दिलेल्या ग्रंथालयांना द्यावयाची असते. त्यामुळे त्यानंतरच्या रीतसर प्रकाशित पुस्तकांची काळजी थोडी कमी होते. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १९२३ पासून कार्य करणारा विदर्भ साहित्य संघ यांच्याकडेही विचारणा करता येते. स्मरणिका, पत्रके आणि महाविद्यालयांची वार्षिके मात्र बहुधा कोणत्याच सूचीत नसतात. ती अन्यत्र नाहीत असेच धरून चालावे.

(इ) लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. ती मुदत उलटलेल्या दुर्मिळ पुस्तकाचे देण्यापूर्वी चित्रण करून ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही.

(ई) देताना घेणाऱ्याला आधी विचारावे आणि यादी पाठवावी. खेड्यातील वाचनालय म्हणजे पुष्कळदा एक खोली आणि चार कपाटे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात आणि त्यासाठी ग्रंथसंख्याही पाहिली जाते. त्यामुळे आलेली पेटी नाकारण्यास कार्यवाह कचरतात. पण जुनी गाइडे, रद्द झालेला अभ्यासक्रम आणि पाने गळालेल्या कादंबऱ्या तेथे पाठविणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवणे. अशी पुस्तके सरळ रद्दीत द्यावीत. रद्दी हाही काही पुस्तकांचा न्याय्य शेवट आहे.

(उ) देणे झाल्यावर अटी घालू नयेत. ‘आमच्या नावाचे कपाट वेगळे ठेवा’ या अटीपायी अनेक चांगले संग्रह कुलपात पडतात. संग्राहकाचे नाव पुस्तकाच्या आतल्या पानावर पुरेसे आहे.

(ऊ) एक फळी मात्र कोणत्याही कसोटीपासून मुक्त ठेवावी. आईने वाचलेली पोथी, शाळेत बक्षीस मिळालेले पुस्तक, पहिल्या पगारातून घेतलेला काव्यसंग्रह यांच्याशी तर्काने वागण्याचे कारण नाही. फक्त ती फळी एकच असावी.

६. देणे हेही जपणेच

ग्रंथ जवळ असणे म्हणजे सुरक्षित असणे, ही समजूत सोडली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परदेशातील वास्तव्यात जमविलेली पुस्तके १९१७ साली जहाजाने पाठविली होती. महायुद्धात ते जहाज बुडविले गेले आणि पुस्तके समुद्रात गेली. त्यानंतर त्यांनी नव्याने संग्रह उभारला आणि दादरला ‘राजगृह’ बांधताना ग्रंथांचा विचार प्रथम केला. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग पुढे त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या हाताशी आला. पुस्तकांवर त्यांच्याइतके प्रेम करणारा माणूस विरळा. आणि त्या प्रेमाची परिणती शेवटी इतरांना वाचता येण्यात झाली, हे आपण ध्यानी घ्यावे.

आपल्या जिल्ह्यापुढे हा प्रश्न आज तातडीचा आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्यांनी येथे वाचनालये चालविली, संमेलनास राबले, चळवळीत पत्रके वाटली, त्या पिढीची कपाटे एकामागून एक उघडत आहेत. प्रत्येक कपाट एकदाच उघडते. अशा वेळी कला शाखेच्या विद्यार्थ्याचे एक निश्चित काम आहे. आपल्या आळीतील, आपल्या नात्यातील असे एखादे कपाट निकालात निघणार असेल, तर तराजू येण्याआधी एक दिवस मागून घ्यावा, हातात वही घेऊन बसावे आणि वरील दोन प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारावेत. शंभरांतील नव्वद पुस्तके देण्याजोगी निघतील. ती आनंदाने द्यावीत. उरलेल्या दहांत जर एखादे पिवळे पडलेले, मुखपृष्ठ नसलेले, कोणाच्याच यादीत नसलेले चोपडे निघाले, तर सर्वांत आधी ते बाजूला काढून ठेवावे, आणि ते वाचणारा माणूस कोठे आहे याचा शोध त्याच दिवशी सुरू करावा.